आभाळातलं बोलणं ऐकू द्या

मंगळवेढ्याहून मामांचा फोन आला आणि पाऊस लांबलेला असला, की विषय ठरलेला. "आरं, इमानं फिरवून पाऊस पळवत्यात." 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूरहून विमानं उडवली, ढग मोजले, काहींत बीजारोपण केलं, म्हणजे पाऊस पडावा म्हणून बारीक कण सोडले. वाऱ्याच्या दिशेच्या पट्ट्यात सरासरी 18 टक्के जादा पाऊस पडला, असा निष्कर्षही छापला. गावात मात्र नेमकी उलटी गोष्ट पोचली.

मी अमेरिकेत, फ्लोरिडात राहतो तिथून अर्ध्या तासावर लेकलँडचा विमानतळ आहे. वादळात शिरणारी 'नोआ' या सरकारी हवामान संस्थेची विमानं तिथेच असतात. हंगामात विमानांचं बिनतारी बोलणं पकडणारा स्कॅनर लावला की कधीतरी खरखरीतून आवाज येतो, "नोआ फोर टू". मग वाऱ्याचा वेग, धावपट्टीचा क्रमांक, उड्डाणाची परवानगी. विमान लांब समुद्रावर गेलं की माझ्या स्कॅनरच्या टप्प्याबाहेर जातं. पण तिथून छत्री लावून सोडलेल्या नळकांड्यांनी मोजलेला वारा आणि दाब थोड्याच वेळात इंटरनेटवर सगळ्यांना दिसतो.

विमानांचं असं बोलणं ऐकायला इथे 1986 च्या कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे 1933 च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायलाच बंदी घातली, आणि 2023 च्या नव्या कायद्यातही परवानगीची अट आहेच. संरक्षणाच्या विमानांबद्दल मी बोलत नाही. ढग मोजणाऱ्या विमानाचं कसलं गुपित?

ऐकू आलं म्हणून अफवा मरतात असंही नाही. 2024 मध्ये मिल्टन वादळ आलं, तेव्हा सरकारच वादळं वळवतं असं म्हणणारे माझ्या ओळखीतही निघाले. पण त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे आकडे होते, आवाज होता. मामांसमोर ठेवायला काय आहे? ज्यांच्या रानावरून विमान जातं त्यांना ते कधी उडालं, कुठे फिरलं, कुठला ढग पेरला हे त्याच संध्याकाळी मराठीत कळलंच पाहिजे. आणि वैमानिकाचं बोलणं ऐकणं हा गुन्हा नसावा.

गेल्या सप्टेंबरात मी फोन स्कॅनरला लावून मामांना ते बोलणं ऐकवलं. इंग्रजी होतं, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढंच बोलत्यात व्हय?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् आपल्याकडचं कुठं ऐकायला मिळतंय?"