अकरा रुपये तास

महिन्याला पंधरा डॉलर मोजून ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणं परवडतं का, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही हिशेबी आहात. छान. ही सगळी योजना हिशेबी माणसांसाठीच आखलेली आहे.

पंधरा डॉलर म्हणजे आजच्या भावाने साधारण तेराशे रुपये. रोज चार तास खेळलात तर तासाला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. पुण्यात रिक्षावाला नुसता मीटर पाडायचे याच्या दुपटीहून जास्त घेतो, तेही तो यायला तयार असला तर. आणि खरी मजा पुढे आहे. रोज आठ तास खेळलात की हाच दर साडेपाच रुपयांवर येतो. सोळा तास खेळलात तर पावणेतीन! एवढा स्वस्त विरंगुळा हातात असताना माणूस नोकरीला का जातो, हे मला कळत नाही. नोकरी सोडल्यावर ते तेराशे कुठून आणायचे, एवढंच बघावं लागेल.

त्याचीही सोय आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अशाच एका गेमने 2015 साली टोकन काढलं. कोणीतरी पैसेवाला वीस डॉलरला ते विकत घेतो आणि गेममधल्या बाजारात मांडतो. तुम्ही गेममधलं सोनं देऊन ते घ्यायचं, की महिनाभर खेळणं फुकट. सोनं मिळवण्यासाठी रात्र-रात्र पाला उपटायचा, खनिजं फोडायची, मासे पकडायचे. खेळायचे पैसे वाचावेत म्हणून खेळात मजुरी करायची ही कल्पना ज्याला सुचली, त्याचा लक्ष्मी रोडवर सत्कार व्हायला हवा.

दरवाढीची भीती नको. हा गेम 2004 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला तेव्हा महिन्याचा दर 14.99 डॉलर होता आणि आजही तेवढाच आहे. वीस वर्षांत दर न वाढवणारी एक मिसळ मला पुण्यात दाखवा. तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता आणि आता जवळजवळ दुप्पट झाला आहे, हा दोष रुपयाचा. कंपनीला कशाला बोल लावायचा? नवे एक्सपान्शन, म्हणजे गेमचे पुढचे भाग, वेगळे विकत घ्यावे लागतात, तेही मनाला लावून घेऊ नका. 2010 साली याच गेममध्ये पंचवीस डॉलरचा चमचमता घोडा विकायला आला, तेव्हा लोकांनी ऑनलाइन रांगा लावल्या होत्या. मासिक वर्गणी भरणारेच होते ते.

वेळेची शिस्त मात्र पाळा. तुमचं गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी, युरोपातल्या सर्व्हरवर असेल आणि रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई, तिकडच्या रात्री आठला असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, त्यामुळे साडेअकरालाच बसता येतं. मॅनेजरने सहानंतर दहा मिनिटं थांबवलं तर ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर भाषण ठोका. रात्री मात्र ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा कुठल्यातरी पोराने हजेरी घेतली की निमूट ‘सॉरी’ म्हणा. सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये झोप पूर्ण होतेच. गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर उत्तम.

पण खरं मूल्य हवं असेल, तर ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या दुसऱ्या वर्गणीवाल्या गेममध्ये घर घ्या. वाकडला टू-बीएचके परवडत नाही, म्हाडाच्या सोडतीत नंबर लागत नाही, तर इथे प्रयत्न करा. इथेही प्लॉट मोजकेच असल्याने 2022 पासून सोडतच निघते, म्हणजे तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल. अर्ज करा, गेममधलं चलन भरा, निकालाची वाट बघा, नंबर न लागल्याचं वाचा, पुन्हा भरा. लागलाच नंबर तर बाग लावा, भिंतींचा रंग निवडा, शेजाऱ्याच्या अंगणातल्या पुतळ्याला नावं ठेवा. पार्किंगवरून भांडण नाही, मेंटेनन्सची मीटिंग नाही. नियम एकच. पंचेचाळीस दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडतात. आत पाऊल टाकायचं तर वर्गणी चालू हवी. फुकट ट्रायलवाल्यांना घर घेताच येत नाही. याला भाडं म्हणतात असा कोत्या मनाचे लोक आरोप करतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. भाडेकरूला निदान अकरा महिन्यांचा करार मिळतो, तुम्ही तर मालक आहात.

मालक असल्यामुळे वर्गणी बंद करायचा विचार मनात आला तरी तो टिकत नाही. गेमचा कंटाळा आलेला असतो, मित्र सोडून गेलेले असतात, पण चव्वेचाळिसाव्या दिवशी तुम्ही निमूट कार्डाचा नंबर टाकता, वर डॉलरसाठी बँकेचा फॉरेक्स मार्कअपही भरता, घरात दोन मिनिटं उभे राहता आणि बाहेर पडता. त्या महिन्यात तासाचा दर किती पडला, ते काढू नका.

घरच्यांना मात्र ही खरेदी जपून सांगा. बाबा इंडेक्स टू मागतील.