कडकडीत तेलाने बरगड्या मऊ होत नाहीत

डुकराच्या बरगड्या घरी तळण्याची एक कृती सध्या हातोहात फिरते आहे. ती थोडक्यात अशी: तेल धूर येईपर्यंत तापवा, कच्च्या बरगड्या त्यात सोडा आणि मोठ्या आचेवर दहा मिनिटं तळा. मांसातला रस आत कोंडला जातो, तेल आत शिरत नाही, किडे मरतात. हाडाजवळ लाल दिसलं तर पुन्हा तळा. आधी उकडायच्या फंदात पडू नका, सगळी चव पाण्यात जाते.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने ही कृती तंतोतंत पाळली. बरगड्या बाहेरून काळ्या आणि आतून वातड झाल्या, तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण तेल उसळलं आणि त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला. म्हणून हे लिहिते आहे.

"तेल धूर येईपर्यंत तापवा." सगळ्यात घातक वाक्य हेच. बहुतेक रिफाइंड तेलं 205 ते 230 अंश सेल्सिअसच्या आसपास धूर सोडू लागतात. तळणीला 160 ते 190 अंश पुरतात. धूर दिसला म्हणजे तेल तयार झालं असं नाही, तर ते विघटू लागलं आहे. त्या धुरात अ‍ॅक्रोलीन नावाचं द्रव्य असतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. अशा तेलात ओली बरगडी पडली की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. ती जागा मिळवण्यासाठी वाफ तेलालाच बाहेर फेकते. धूर येऊनही आच तशीच राहिली तर तेल पेट घेऊ शकतं. तसं झालं तर गॅस बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि कढई जागची हलवायची नाही. पाणी तर कधीच ओतायचं नाही.

थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी तेलात बुडवून पाहावी. काडीभोवती बारीक, सतत बुडबुडे आले की तेल तळणीजोगं झालं. कढई निम्म्याहून कमीच भरावी आणि बरगड्या पुसून अगदी कोरड्या केलेल्या असाव्यात.

"मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो." ही समजूत 1840च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी रूढ केली. ती खोटी आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही, कढईकडे पाहिलं तरी पुरतं. तळताना तडतड होते, बुडबुडे येतात, ते कशाचे? मांसातलं आणि पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय त्याचे. रस खरोखर कोंडला गेला असता तर तेल निवांत राहिलं असतं. मोठ्या आचेने मिळतं ते वेगळंच: पृष्ठभाग सुकून खरपूस होतो, रंग आणि वास येतो. ही मायार अभिक्रिया, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली. हवीहवीशी गोष्ट आहे ती, पण तिने रस आत राहत नाही.

"दहा मिनिटं पुरेत." कृतीची खरी चूक इथे आहे. शिजणं आणि मऊ होणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बरगडीचं मांस दहा मिनिटांत शिजेल, पण मऊ होणार नाही. श्वास घेताना सतत हलणाऱ्या या स्नायूंमध्ये कोलॅजेनचे चिवट तंतू भरपूर असतात. ते विरघळून त्यांचं जिलेटिन, म्हणजे मऊ, चिकट द्रव्य, व्हायला ओलावा, 70-80 अंशांच्या वरची उष्णता आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. तेल कितीही तापवा, त्या वेळेची भरपाई होत नाही. उलट आच वाढवली की बाहेरचा भाग करपतो आणि आतला तसाच राहतो.

म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं. बरगडीच्या मागची पातळ, चकचकीत पापुद्र्यासारखी त्वचा आधी ओढून काढायची, कारण ती कितीही शिजवली तरी चावली जात नाही. मग चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे मीठ घातलेल्या पाण्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास, किंवा कुकरमध्ये साधारण 15 मिनिटं. सुरीचं टोक सहज घुसलं पाहिजे, पण मांस हाडावरून गळता कामा नये. निथळून, पुसून, फ्रिजमध्ये उघड्यावर गार करायचे, म्हणजे वरचा भाग सुकतो. नंतर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून 180 अंशांवर तीन-चार मिनिटं. बस. साखर किंवा मध लावायचा असेल तर तळून झाल्यावर, नाहीतर आधी तोच जळतो.

कच्चेच तुकडे तळता येत नाहीत असं मी म्हणत नाही. अगदी लहान तोडलेले, मुरवलेले तुकडे 160 अंशांवर सावकाश तळून, काढून, पुन्हा तापलेल्या तेलात मिनिटभर घातले तर छान लागतात. दाताखाली जोर मात्र लागतो, आणि काहींना तेच आवडतं. फिरणाऱ्या कृतीत मात्र यातलं काहीच नाही.

"कडकडीत तेल आत शिरत नाही." अर्धसत्य. तळताना बाहेर येणारी वाफ तेलाला थोपवून धरते हे खरं. पण बरंचसं तेल शिरतं ते तुकडा कढईबाहेर आल्यावर: आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यातच नीट झटकून लगेच टिपकागदावर, मग जाळीवर. एका वेळी थोडेच तुकडे घालावेत, नाहीतर तेलाचं तापमान कोसळतं.

"किडे मरावेत म्हणून करपेपर्यंत तळा, लाल दिसलं तर कच्चं." या भीतीला आधार आहे, ट्रायकिनेला हा बारीक जंत आणि फीतकृमी या खऱ्या गोष्टी आहेत. पण त्या 60 अंशांच्या आसपास मरतात, त्यासाठी करपवावं लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये डुकराच्या मांसाच्या अखंड तुकड्यांसाठी आतल्या किमान तापमानाची मर्यादा 71 वरून 63 अंशांवर आणली, त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती. खिमा आणि रानडुकराचं मांस यांना 71च. तासभर उकळीच्या जवळ राहिलेल्या बरगड्या यापलीकडे केव्हाच गेलेल्या असतात. हाडाजवळचा लालसरपणा बहुधा मज्जेतून झिरपलेल्या रंगद्रव्याचा असतो. कोवळ्या जनावराच्या किंवा गोठवलेल्या मांसात तो पूर्ण शिजल्यावरही दिसतो. रंगावर विसंबू नये, शंका असेल तर हाडाला न टेकवता मांसात थर्मामीटर खुपसावा.

"उकडलं तर चव पाण्यात जाते." हे मात्र बरोबर आहे, थोडी जाते. म्हणून पाणी बेताचंच, बरगड्या जेमतेम बुडतील एवढं घ्यावं, त्यात आलं, लसूण, मिरी टाकावी, आणि ते फेकू नये. वरची चरबी काढून ते पाणी आटवलं की जिलेटिनमुळे चिकट, दाट होतं. भाच्याचा हात बरा झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून बरगड्या केल्या तेव्हा हेच केलं: तळलेले गरम तुकडे त्या आटवलेल्या रसात दोन चमचे मध घालून परतले.