मुलाखत दोन्ही बाजूंनी होत असते

आज दुपारी भाचीचा फोन आला. नुकतीच पदवी मिळाली आहे, पहिल्याच मुलाखतीत निवड झाली आहे, तरीही तिचा आवाज पडलेला होता. मुलाखत घेणाऱ्या व्यवस्थापकाने तिला बराच वेळ बाहेर ताटकळत ठेवले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलाखत सुरू असताना तिच्यासमोरच एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला "एवढीही अक्कल नाही का?" असे सुनावले आणि शेवटी "आज रात्रीपर्यंत होकार कळवा, बाहेर रांग लागली आहे" असे तिला बजावले. घरी हे सांगितल्यावर सर्वांचे उत्तर एकच होते: पहिली नोकरी आहे, थोडे सहन करावे लागते. हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसत असे. एके सकाळी त्याच्या वडिलांना रुग्णालयात दाखल केल्याचा निरोप आला आणि तो रजा मागायला आमच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी मान वर न करता विचारले, "तुम्ही तिथे जाऊन काय करणार? तुम्ही डॉक्टर आहात का?" ते सर्वांना ऐकू गेले. तो मुकाट्याने परत आला आणि संध्याकाळपर्यंत काम करत राहिला. ते वाक्य माझ्या लक्षात आहेच, पण त्याहून अधिक लक्षात आहे ते हे की, आजूबाजूच्या एकाही माणसाने चमकून पाहिले नाही. त्यांच्यासाठी ती रोजचीच भाषा होती.

म्हणून नव्या मुलांना माझे सांगणे असते की, मुलाखतीला गेलात तर साहेबापेक्षा त्याच्या हाताखालच्या माणसांकडे अधिक लक्ष द्या. साहेब तुमच्यासमोर तासभर गोड बोलू शकतो, पण त्याच्या माणसांना दिवसभर नाटक करणे जमत नाही. तो आत येताच बोलणे थांबते का, साधी अडचण सांगतानाही लोक आधी क्षमा मागतात का, हे बसल्या जागेवरून दिसते. ज्यांच्यासोबत काम करायचे आहे त्यांच्यापैकी एखाद्याशी, व्यवस्थापक समोर नसताना, थोडे बोलता येईल का असे निःसंकोच विचारा. बऱ्या ठिकाणी याला कोणाची हरकत नसते, आणि टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे.

ही जागा नव्याने निर्माण झाली आहे की कोणी सोडून गेल्याने रिकामी झाली आहे, आधीची व्यक्ती किती काळ टिकली, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे प्रश्नही विचारलेच पाहिजेत. त्याच पदाची जाहिरात वर्षभर पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्या खुर्चीत माणूस का टिकत नाही, याचा विचार करा. "आम्ही सगळे इथे एका कुटुंबासारखे आहोत" असे कोणी म्हणाले तर अधिकच सावध व्हा, कारण कुटुंबात नोटीस पीरियड नसतो. चाचणीच्या नावाखाली कंपनीचे खरे काम चार-पाच दिवस फुकट करून घेतले जात असेल, तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे तुम्हाला आधीच कळलेले असते.

ऑफर लेटर हाती आले की ते शब्दन् शब्द वाचा. तोंडी सांगितलेले पद, पगार आणि कामाची वेळ कागदावर आहे का, नोटीसची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, नोकरी लवकर सोडल्यास पैसे भरण्याची अट आहे का, हे तपासा. वाचायला दोन दिवस मागितले म्हणून जो ऑफर मागे घेतो, तो उद्या रजा मागितल्यावर काय म्हणेल, हे मी वर सांगितलेच आहे.

हे लिहिताना राग वाढतोच आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले, तरी रात्री अकराला मेल पाठवणाऱ्याला आपण अजून मेहनती म्हणतो. याच कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविरुद्ध १९० क्रमांकाचा करार स्वीकारला आणि त्याच्या संरक्षणात प्रशिक्षणार्थींसोबत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनाही घेतले. म्हणजे मुलाखतीच्या खुर्चीत बसलेल्या मुलीलाही प्रतिष्ठा असते, हे जगाने कागदावर तरी मान्य केले आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते कधी मान्य करायचे?

प्रत्येक कडक साहेब वाईट नसतो, हे मला मान्य आहे. ज्या साहेबांविषयी लिहितो आहे त्यांच्याकडूनच मी नेटका अहवाल लिहायला शिकलो, हेही नाइलाजाने नोंदवतो. मात्र कडक माणूस तुमच्या कामातली चूक दाखवतो आणि ती कशी सुधारायची हेही सांगतो. आमचे साहेब चूक कोणाची हे आधी शोधत आणि मग सर्वांना कॉपीत ठेवून मेल पाठवत. रुग्णालयाच्या त्या निरोपानंतर काही काळाने माझ्या सहकाऱ्याने राजीनामा दिला, तेव्हा त्याचे अनुभवपत्रही त्यांनी रखडवून ठेवले.

ज्यांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे किंवा ज्यांच्या पगाराकडे घर डोळे लावून बसले आहे, त्यांना "नाही म्हणा" असे सांगण्याचा मला अधिकार नाही, हे जाणतो. त्यांनी नोकरी अवश्य घ्यावी, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावी. तोंडी मिळालेल्या सूचना त्याच दिवशी मेलवर लिहून "मला असे समजले आहे" असे कळवावे, पगारपत्रके आणि नियुक्तिपत्र स्वतःकडे जपावे, आणि एचआर विभाग कितीही आपुलकीने बोलला तरी त्याचाही पगार कंपनीच देते, हे विसरू नये. थोडे पैसे बाजूला पडू लागले की दुसरीकडे शोध सुरू करावा आणि नवी ऑफर लेखी मिळेपर्यंत कोणालाही सुगावा लागू देऊ नये. वर्षभरात नोकरी सोडली म्हणून पुढच्या मुलाखतीत प्रश्न येईलच, पण "मला ज्या कामासाठी घेतले होते ते मिळाले नाही" एवढे शांतपणे सांगितले तरी पुरते. जुन्या साहेबाची निंदा तिथे करू नये. ती करायला मित्र आहेत.

ऑफर लेटरमधले एखादे कलम समजत नसेल तर इनबॉक्समध्ये विचारा, मी रात्रीपर्यंत उत्तरे देत बसणार आहे. "थोडे सहन करायला शिकवा" असे सुचवायला येणाऱ्यांनी मात्र आज तरी कृपा करावी.