‘५०० वॅट’ हे छापणाऱ्याला जाब कोण विचारणार?

संगणकाच्या आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ छापायचे आणि आत त्याच्या निम्मे ओझेही न पेलणारा पत्र्याचा डबा ग्राहकाच्या गळ्यात मारायचा, ही उघड फसवणूक आहे. ‘लोकल माल असाच असतो’ असे म्हणून ती पोटात घालण्याची माझी तयारी नाही.

मुलीच्या वास्तुकलेच्या अभ्यासासाठी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून आम्ही ६५,००० रुपयांचा संगणक जुळवून घेतला. प्रोसेसर आणि रॅम यांवर दुकानदार तासभर बोलला. एसएमपीएस मात्र कोटेशनमध्ये ‘कॅबिनेटसोबत’ या एका शब्दात उरकला होता. ऐन सबमिशनच्या आठवड्यात रेंडरिंग (आराखड्यावरून खरे वाटणारे चित्र बनवणे) सुरू केले की संगणक बंद पडू लागला, कोथरूडला वीज गेली की यूपीएस असूनही तो बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि एका रात्री जळका वास आला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर पोरीने जागून काढलेली ड्रॉइंग्ज गेली.

त्या डब्याचे लेबलच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. एसएमपीएस वेगवेगळ्या व्होल्टेजवर वीज देतो, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ व्होल्टवर १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट; ५ व्होल्टवर २५ अँपिअर, म्हणजे १२५; ३.३ व्होल्टवर १८ अँपिअर, म्हणजे सुमारे ५९. किरकोळ पुरवठा धरूनही बेरीज ३७० च्या पुढे जात नाही, मग पाचशे आले कुठून? शिवाय आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. आमचे कार्ड १२० वॅटचे आणि प्रोसेसर ६५ वॅटचा. म्हणजे १६८ ची मर्यादा या दोघांतच ओलांडली गेली होती, आणि संगणक जुळवणाऱ्या माणसाला एवढी बेरीज येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

ओळखीच्या तंत्रज्ञाने डबा माझ्यासमोर उघडला तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. वीज आत येते तिथे विजेतला गोंगाट गाळणारी कॉइल असावी लागते. तिच्या जागेवर दोन उघड्या तारा डाखलेल्या होत्या. वीज साठवणारे कपॅसिटर १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे हवेत, ते ८५ अंशांचे होते आणि त्यांची डोकी फुगलेली होती. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांना टेकतो. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावरही १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण दहा मिलिसेकंद पुरतात. या डब्याला तेवढाही दम नव्हता, आणि आम्ही मात्र इतके महिने यूपीएसलाच दोष देत होतो.

चांगल्या एसएमपीएसला तीन-साडेतीन हजार रुपये जास्त लागतात असे दुकानदाराने सांगितले असते, तर मी ते त्याच क्षणी मोजले असते. ते न सांगता त्याने माझ्या वतीने बचत केली आणि तीही नेमकी अशा ठिकाणी, जिथे ग्राहकाची नजर पोहोचत नाही.

जाब विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, तुमच्याकडची लाइटच खराब असणार. एक वर्षाची वॉरंटी आहे, बदलून देतो.” आणि त्याने मागच्या फळीवरून तसाच, त्याच लेबलाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. हार्ड डिस्कचे काय, असे मी विचारले, तेव्हा तो पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला होता.