हप्ता थकला म्हणून बाईच्या दारात गर्दी जमवायचा अधिकार कुणी दिला?

गटाचं लोन, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपन्या बायांचा गट करून देतात ते छोटं कर्ज, आता आमच्याकडे घरोघर आहे. कुणी म्हशीसाठी घेतलंय, कुणी पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी, कुणी एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं. घेतलं ते फेडायचंच, त्यात वाद नाही. पण वसुलीच्या नावाखाली जे चाललंय ते बघून डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? कंपनीचा माणूस शिव्या देतो ते तर आहेच, पण तो गटातल्या बाकी बायांनाच कामाला लावतो. आमच्या गल्लीत एका वहिनीचे हप्ते राहिले होते, नवरा ऊसतोडीला गेलेला, हातात पैसा नाही. गटाची मीटिंग संपली तरी सर, म्हणजे तो वसुलीचा माणूस, बायांना उठू देईना, हिचे पैसे आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही आणि पुढचं लोनपण कुणाला मिळणार नाही म्हणे. मग काय, रात्री आठला सगळ्या वहिनीच्या दारात! सर ओट्यावर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसलेले, आणि रोज जिच्याकडे विरजण मागायला जातात तिलाच बाया बोलतायत, मंगळसूत्र मोड, टीव्ही वीक, काहीपण कर पण आम्हाला मोकळं कर. पोरगी आतल्या दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. कंपनी नामानिराळी आणि शेजारपाजारचं बोलणं कायमचं तुटलं.

यातलं बरंचसं नियमात बसतच नाही, हे त्या बायांना कुणी सांगितलेलंच नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये मायक्रोफायनान्सचे नियम काढलेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण (काही गहाण न ठेवता घेतलेलं) कर्ज त्यात येतं, म्हणजे आपलं गटाचं लोन. हप्ता कंपनी आणि बाई दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच घ्यायचा, लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा बाई तिथं आलीच नाही तरच घरी किंवा कामावर जाता येतं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही, दिवसभर सारखा सारखापण नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना मैत्रिणींना त्रास, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणं, सगळ्याला मनाई. आणि न भरल्यास काय होईल याबद्दल खोटं सांगायलापण मनाई आहे, म्हणजे ते "उद्या पोलीस घेऊन जातील, आधार कार्ड बंद होईल" वगैरे. पैसे नाहीत म्हणून हप्ता राहिला तर तो गुन्हा होत नाही, ती दिवाणी बाब आहे, म्हणजे पैशाच्या व्यवहाराचा वाद, पोलीस केस नाही. फक्त चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर मात्र केस होऊ शकते, तशी नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका, मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तिथंच थांबतं. बिनतारण कर्ज आहे म्हटल्यावर टीव्ही, शेळी, गाडी उचलून न्यायचा तर प्रश्नच येत नाही.

लोक म्हणतात, गटाने एकमेकींची जबाबदारी घेतलीय ना, सह्या केल्यात ना. केल्यात, पण त्या सहीने कुणाला दारात जाऊन अब्रू काढायची परवानगी मिळत नाही. आणि नियम कंपनीलापण आहेत की, घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. मग आधीची दोन लोन चालू असताना तिसरं देताना कुणी बघितलं होतं?

आता करायचं काय तर पहिलं म्हणजे फोन रेकॉर्ड करा, कोण आलं, किती वाजता, काय बोललं ते त्याच दिवशी वहीत लिहा. ओळखपत्र मागा. भरलेला प्रत्येक रुपया लोन कार्डावर लिहून घ्या, नुसत्या "सरांना दिले" ला काही अर्थ नाही. मग कंपनीकडे लेखी तक्रार, तक्रारीचा नंबर त्याच कार्डावर असतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी), फी नाही, माहितीसाठी 14448. मोबाईलवरून जमत नसेल तर साध्या पोस्टाने चंदीगडच्या ऑफिसलापण अर्ज जातो. आणि "बाहेर व्हा" म्हटल्यावरही घरात बसून कुणी धमकावत असेल तर वाट बघू नका, 112 लावा, धमकी देणं आणि असं घरात ठाण मांडणं हा गुन्हा आहे. वकिलाला पैसे कुठले आणायचे हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात, तर बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून (कायद्याची फुकट मदत देणारी सरकारी संस्था) वकील फुकट मिळतो, तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा किंवा 15100 ला फोन करा.

आणि गटातल्या बायांनो, पुढच्या मीटिंगला सर म्हणाले चला तिच्या घरी, तर सगळ्यांनी मिळून सांगा की आम्ही येणार नाही, आमचे हप्ते भरून झालेत, आम्ही घरी चाललो. एकटी बोलली तर तिला दाबतात, दहाजणी उठल्या तर तो काय करणार?

अर्ज लिहायला अडलं तर इनबॉक्स करा, कार्डाचा फोटो पाठवा, मी मराठीत लिहून देते.