दंडुका आणि सहा इंच

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकाच फोटोवरून वाद पेटलाय. पुण्यातला नव्याने रुंद केलेला फुटपाथ, त्यावर ऐसपैस चढवून लावलेली पांढरी एसयूव्ही, आणि खाली एका मित्राची ओळ: "घ्या तुमचं डिझाइन थिंकिंग. आपल्या लोकांना शिस्त नाही, दंडुकाच पाहिजे." (डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्याच्या अडचणीपासून सुरुवात करून वस्तू किंवा जागा घडवणं.) अंगठ्यांचा पाऊस. मी दोन वाक्यं लिहायला गेले, तर लगेच उत्तर: "तू उट्रेख्टमध्ये बसून बोलू नकोस. तिकडचे लोकच शिस्तीचे." उट्रेख्ट म्हणजे नेदरलँड्समधलं शहर, मी तिथे राहते.

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. डच आणि शिस्तीचे? सायकलवरचा डच माणूस लाल दिवा म्हणजे एक सूचना समजतो. सायकल चालवताना हातात फोन धरायला 2019 पासून बंदी आहे, तरी सकाळी ऑफिसला जाताना निम्मी जनता एका हाताने हँडल धरते आणि दुसऱ्या हाताने मेसेज करते. 'इथे सायकल लावू नये' अशी पाटी दिसली की हमखास तिथेच लावायची. (हेल्मेटविरोधी पुणेकरांनी हुरळून जाऊ नये. इथे सायकलवर हेल्मेट नसतं, स्कूटरवर सक्तीचं आहे.) उट्रेख्ट स्टेशनाबाहेर सायकलींचा नुसता खच पडलेला असायचा. महापालिका त्या उचलून न्यायची, लोक पुन्हा आणून टाकायचे. फरक पडला तो स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ झाल्यावर. पहिले 24 तास फुकट, सायकलवरून न उतरता आत शिरायचं, आणि जिना चढलं की फलाट. माणसं तीच, बेशिस्तही तीच. फक्त नीट लावणं हे कुठेतरी फेकण्यापेक्षा सोपं झालं.

आणि हे लोक जन्मजात असे शहाणे असते, तर 1971 साली एक कोटी तीस लाखांच्या या देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली नसती. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची चळवळच उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात उतरले. आज लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाख आणि वर्षाचे मृत्यू सहा-सातशे. मधल्या काळात देशाचे संस्कार बदलले नाहीत, रस्ते बदलले. गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि वाकड्या केल्या, कारण सरळ रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो, मग चालक कुठल्याही आळीतला असो. मला सगळ्यांत आवडणारी युक्ती अगदी साधी आहे. मोठ्या रस्त्यावरून बारीक गल्लीत वळताना फुटपाथ तुटत नाही, तो त्याच उंचीवर, त्याच फरशीचा सरळ पुढे जातो. गाडीने त्याच्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. चालणाऱ्याने नाही.

आता पुण्यात या. माझी आई कोथरूडला राहते, वय 76, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. ती फुटपाथवरून चालत नाही, रस्त्यावरून चालते, आणि येणारे-जाणारे तिला शिस्त शिकवतात. गेल्या खेपेला मी तिच्या मागून चालून बघितलं. फुटपाथ पायरीइतका उंच, आणि दर सोसायटीच्या फाटकापाशी कापलेला. म्हणजे उतरा, चार पावलं चाला, चढा, मग विजेच्या डीपीच्या पेटीला वळसा घाला, पुन्हा उतरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गांच्या निकषांत कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, आणि चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आई बेशिस्त नाही. तिने गुडघ्यांचा हिशोब केलाय. त्या एसयूव्हीवाल्यानेही त्याचा हिशोब केलेला असतो: फाटकाचा उतार आयताच आहे, अडवायला खांब नाही, आणि रस्त्यावर गाडी लावायला एक रुपया पडत नाही. 2018 मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण आणलं, ओरड झाली, ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही अडकलं. तेव्हा ओरडणारे आणि आज दंडुका मागणारे यांत बरेच चेहरे सारखे आहेत, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे लिहिते.

पुण्याला हे जमत नाही असंही नाही. कचरावेचक बायकांची 'स्वच्छ' ही संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. सॅनिटरी पॅड उघडे हाताला लागतात, ही त्यांची रोजची किळस. त्यातून 'लाल ठिपका' निघाला: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं ठेवा. वर्गीकरण करणाऱ्या बाईला न उघडता कळतं. पॅड गुंडाळायला वर्तमानपत्राच्या पिशव्याही या बायकांनीच बनवल्या. आमच्या कंपनीत दर तिमाहीला डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा होते, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात आणि 'वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा' असं सांगायला बाहेरून माणूस येतो. लाल ठिपक्याच्या वेळी वापरणारी बाईच विचार करत होती, एवढाच काय तो फरक.

म्हणजे प्रश्न विचारायचं कुणाला, हा आहे. उट्रेख्टने सत्तरच्या दशकात शहराभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक भाग कोरडा करून त्यात मोटाररस्ता घातला होता. 2002 मध्ये लोकांचा कौल घेतला, लोकांनी पाणी मागितलं, आणि 2020 च्या सप्टेंबरात कालव्याचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. अठरा वर्षं लागली, ठीक आहे. त्याच पावसाळ्यात पुण्याने विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला. बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. का, तर तिथे मेट्रो आणि दुमजली पूल आणायचा होता. तुलना माझ्या सोयीची आहे, माहितेय. पण चौकातून चालत रस्ता ओलांडणाऱ्यांना पहिल्या पुलाच्या वेळी कुणी विचारलं होतं आणि दुसऱ्याच्या वेळी कुणी, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

विचारण्यावरून आठवलं. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर राहिलं की परक्या पासपोर्टवरही नगरपालिकेला मत देता येतं. 2022 च्या मार्चमध्ये मी ते पहिल्यांदा दिलं, लाल पेन्सिलने, चादरीएवढ्या कागदावर. त्याच महिन्यात पुणे महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि 2026 च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत माझ्या जन्मगावाला नगरसेवक नव्हता. ती चार वर्षं मला ग्रुपवर "तू तिकडची" म्हणणाऱ्यांपेक्षा माझा नगरपालिकेशी जास्त संबंध होता. फक्त चुकीच्या गावात.

चुकीच्या का, तेही सांगते. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज बदलणार होते, म्हणून रस्त्याचा आराखडा ठरवायला रहिवाशांना बोलावलं. मी कोपऱ्यावर एक बाक मागितला. संध्याकाळी चार म्हातारी माणसं टेकतील, बोलतील. खरं तर मला कट्टा हवा होता, पण तो डचमध्ये मागता येत नाही. शेजारच्या आजोबांनी हात वर केला: बाक ठेवला की पोरं रात्री लाफिंग गॅसचे फुगे घेऊन बसतील. मतं घेतली, बाकाची मागणी पडली, त्या जागी हायड्रेंजियाचा वाफा आला. सगळं रीतसर. मला राग आला आणि तो आराखड्याचा नव्हता. मी मागितलेली गोष्ट या गल्लीत दुसऱ्या कुणालाच हवीशी वाटली नाही, आणि जिथे ती न मागता दर चौकात असते तिथे मी वर्षातून तीन आठवडे पाहुणी असते.

जानेवारीत आईच्या प्रभागात नवे लोक निवडून आले. त्यांच्यापैकी कुणी दारावर आलंच तर दाखवायला मी तिला फुटपाथबद्दल एक टिपण करून पाठवलं, मोजमापांसकट. तिने ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि स्वतःची एकच मागणी लिहून काढली: चौकातला चालणाऱ्यांचा हिरवा दिवा आणखी दहा सेकंद चालू ठेवा. फुटपाथचं तिचं ती बघून घेईल म्हणाली.