तिकीट कोण देतं?

जून २००८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी अखेर ओबामांच्या पदरात पडली आणि घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर तोच प्रश्न सुरू झाला: आपल्या देशाला कोण बरा? सांगलीचा माझा धाकटा भाऊ भारत-अमेरिका अणुकरारावर अडून बसला. नोव्हेंबर २००६ मध्ये सिनेटने त्या कराराचा कायदा ८५ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केला, तेव्हा ओबामा आणि उमेदवारीसाठी त्यांच्याशी लढलेल्या हिलरी क्लिंटन, दोघांनीही बाजूने मत दिलं. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार मॅकेनही कराराच्या बाजूचेच. तेव्हा त्या मुद्द्यावर डावंउजवं करण्यात फार अर्थ नव्हता.

भावाचं दुसरं म्हणणं मला जास्त लागलं. "एकाच पक्षातली माणसं पाच महिने चारचौघांत एकमेकांची उणीदुणी काढतात. ही कसली रीत, दादा?" मला ती रीत हवीशी वाटते, आणि आपल्याकडे ती नाही याचं वाईट वाटतं.

पक्षाचा उमेदवार कोण, यावर आमच्या टेक्सासमध्ये ४ मार्चला दोनदा कौल घेतला गेला. दिवसभर नेहमीसारखं मतदान, आणि रात्री केंद्रं बंद झाल्यावर तिथेच पक्षाच्या मतदारांची सभा, म्हणजे कॉकस. मी ग्रीनकार्डवाला, मला मत नाही. शेजारणीबरोबर नुसता बघायला गेलो. शाळेच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नाव, पत्ता आणि पसंती लिहायचे छापील कागद संपले, तेव्हा कुणीतरी वहीची पानं फाडून त्यांवर रेघा मारून दिल्या. वरच्या सभेला प्रतिनिधी म्हणून कोणी जायचं यावर एक निवृत्त पोस्टमन आणि कॉलेजातली एक मुलगी कडाकडा भांडत होती. त्यांना पाठवणारं वरून कुणी आलं नव्हतं.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. शेजारणीच्या ओळखीची एक नर्स दिवसा हिलरींना मत देऊन गेली; रात्रपाळी असल्यामुळे सभेला थांबू शकली नाही. अशा कितीजणी असतील! टेक्सासमध्ये मतं हिलरींना जास्त पडली, आणि सभांचे धरून, पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मात्र ओबामांना जास्त मिळाले, ९९ विरुद्ध ९४. कॉकस बंद व्हायला हवा, असं माझं तेव्हाही स्पष्ट मत होतं. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी मतदानाच्या तारखा अलीकडे ओढल्या म्हणून पक्षाने त्यांचे प्रतिनिधी बाद केले, आणि ३१ मेला प्रत्येकाला अर्धं मत देऊन परत घेतले. यातही तिथल्या मतदारांचा काय दोष? पण तो निर्णय टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर झाला. समितीतला कोण काय बोलला, कुणी हात वर केला, हे आम्ही घरी बसून पाहिलं.

आपल्याकडे यादी दिल्लीहून येते. इच्छुक आधी मुंबईत आणि मग दिल्लीत तळ ठोकतात, पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या घटकेला कुणाच्या तरी खिशातून निघतो, आणि जन्मभर सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला आपलं नाव का कापलं ते कधीच कळत नाही. बंडखोरी इथूनच सुरू होते. मतदारांनी हरवलं तर माणूस पचवतो. न दिसणाऱ्या माणसांनी कापलं तर ते आयुष्यभर सलतं. हिलरींनी ७ जूनला पराभव मान्य करून ओबामांना पाठिंबा दिला. २७ जूनला दोघं न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावी एका व्यासपीठावर आले. जानेवारीत त्या गावाने दोघांनाही १०७-१०७ मतं दिली होती.

हिलरींचे काही पाठीराखे रागाच्या भरात मॅकेनना मत द्यायची भाषा करत होते. टीव्हीवाल्यांनी बाई म्हणून हिलरींची जी टवाळी केली, तिच्यावरचा राग रास्तच होता. पण इराकमधून सैन्य परत आणणं आणि सगळ्यांना आरोग्य विमा, यांसाठी त्यांनी हिलरींना मत दिलं होतं. मॅकेन या दोन्हींच्या उलट टोकाला होते. ४ नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत यातले बहुतेक परत येतील असं मला वाटत होतं, आणि ते यावेत असंही मनापासून वाटत होतं.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, आपल्याकडे लोकसभा होती. भाऊ पक्षाचं काम करायचा, म्हणून त्याला सांगितलं: अणुकरारावर हवं तेवढं भांड, पण आपल्या मतदारसंघाचा उमेदवार कुठल्या बैठकीत, किती जणांना विचारून ठरला, हे तालुकाध्यक्षांना भर सभेत एकदा विचार.